आवाज न चढवणारा माणूस

आमच्या घरात एक वाद तब्बल पस्तीस वर्षं चालला. मालमत्तेचा नाही, सीमाप्रश्नाचा तर नाहीच नाही. आमचे हे कन्नड, मी मराठी, तरी त्या प्रश्नावर आमच्याकडे कधी भांड्याला भांडं लागलं नाही. वाद होता गिरीश कर्नाडांचा. कर्नाड अभिनय करतात की नुसतेच उभे राहतात?

हे म्हणायचे, "भाळ छलो माड्यान." मी म्हणायची, "काय केलं हो त्यांनी? आले, बोलले, गेले. ना रडणं, ना ओरडणं. आमच्या श्रीराम लागूंना बघा, निळू फुल्यांना बघा." त्यावर हे चष्मा पुसत म्हणायचे, "तुला आवाज चढवणारा माणूसच नट वाटतो." आणि विषय तिथंच थांबायचा, पुढच्या सिनेमापर्यंत.

माझं माहेर मिरजेचं. १९७९ साली लग्न होऊन धारवाडला माळमड्डीत आले, तेव्हा मला कन्नड म्हणून 'बा', 'होगु' आणि 'ऊट आयतु' एवढंच येत होतं. सासूबाईंना घरात सगळे अव्वा म्हणत, मीही म्हणू लागले. अव्वांना मराठी कळायचं, पण बोलायच्या कन्नडच. मी मराठीत विचारायचं, त्यांनी कन्नडमध्ये उत्तर द्यायचं. असा आमचा संसार दोन रुळांवरून चालला आणि कधी घसरला नाही. वाचकहो, तुमच्यापैकी अनेकांच्या घरात हेच असेल. घरी मराठी बोलणाऱ्या बेंद्र्यांनी साधनकेरीत बसून कन्नड कविता लिहिली, त्या गावात याचं कुणाला नवल?

कर्नाडही तसेच दोन-तीन भाषांच्या उंबऱ्यावरचे. जन्म माथेरानचा, १९ मे १९३८चा. घरची भाषा कोकणी, पहिली अक्षरं मराठीत गिरवलेली, पुढं शिरसी आणि मग धारवाड. बासेल मिशन हायस्कूल, कर्नाटक कॉलेज आणि पुढं ऑक्सफर्ड. त्यांचं पहिलं नाटक 'ययाति' १९६१ साली छापलं ते आमच्या सुभाष रोडवरच्या मनोहर ग्रंथमालेनं. त्या दुकानाच्या माळ्याला सगळे 'अट्ट' म्हणतात. तिथला लाकडी जिना चढताना यांना कर्नाड कधीतरी दिसले होते म्हणे. त्यामुळं पडद्यावर कर्नाड आले की अव्वासुद्धा म्हणत, "अंव नम्म हुडुग." आपला मुलगा! मग त्यात अभिनय कसा आहे, हे विचारायची सोय कुठली?

आज कर्नाड म्हटलं की मोठी माणसं 'तुघलक', 'हयवदन', 'नागमंडल' सांगतात आणि माझ्या नातीच्या वयाची मुलं 'टायगर'मधले शेणॉय साहेब. या दोन्हींच्या मध्ये त्यांनी ज्या भूमिका केल्या, त्यांतल्या कितीतरी विस्मरणात गेल्या. मला आज त्यांच्याविषयी लिहायचं आहे, कारण यांच्याशी घातलेला वाद मी हरले आहे आणि ते कबूल करायला हे आता समोर नाहीत.

सुरुवात 'उंबरठा'पासून करते. १९८२ साल. मी माहेरी गेले होते, मुलगा वर्षाचा होता. हे मला न्यायला आले आणि वहिनीकडे बाळ ठेवून आम्ही दोघं सिनेमाला गेलो. जब्बार पटेलांचा सिनेमा, शांता निसळ यांच्या 'बेघर' कादंबरीवरचा, पटकथा तेंडुलकरांची. स्मिता पाटीलची सुलभा महाजन घर आणि लहान मुलगी मागे ठेवून संगमवाडीच्या महिलाश्रमात अधीक्षक म्हणून जाते. नवरा सुभाष महाजन वकील. ते काम कर्नाडांचं.

त्या दिवशी मी फक्त स्मिताकडे पाहिलं. मी काय, थिएटरमधल्या सगळ्या बायकांनी तेच केलं असणार. परत येताना टांग्यात मी म्हटलं, "त्या कर्नाडांच्या जागी दुसरं कुणी असतं तरी चाललं असतं." हे म्हणाले, "दुसरं कुणी असतं तर तुला त्याचा राग आला असता. याचा आला का?" मी जरा विचार केला. राग आला नव्हता. शेवटी सुलभा परत येते आणि तिच्या गैरहजेरीत आपल्या आयुष्यात दुसरी बाई आली आहे हे तो तिला सांगतो, तेव्हासुद्धा नाही. इतक्या सभ्यपणे सांगतो की राग कुठं ठेवावा तेच कळत नाही. पण तेव्हा मी ते कबूल केलं नाही. "म्हणजे त्यांनी काहीच केलं नाही," असं म्हणून मोकळी झाले.

दोन वर्षांनी, १९८४ साली, पुण्याच्या एका संस्थेतून मला पत्र आलं. लग्नाआधी मी ग्रंथालयशास्त्राची पदविका घेतली होती आणि सहज म्हणून अर्ज केला होता. जागा कायमची होती, पण पहिली दोन वर्षं तरी पुण्यातच राहावं लागणार होतं. पत्र मी यांच्या हातात दिलं. यांनी ते नीट वाचलं, घडी घालून परत दिलं आणि म्हणाले, "तू ठरव. मी नाही म्हणणार नाही. बाळ लहान आहे, अव्वांचे गुडघे दुखतात, एवढं तुला माहीत आहेच." आवाज चढला नाही, कपाळावर आठी आली नाही. अव्वा स्वयंपाकघरात जोंधळ्याची भाकरी थापत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. थापण्याचा आवाज क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला. त्या काहीच बोलल्या नाहीत.

मी गेले नाही. मला कुणी अडवलं नव्हतं, त्यामुळं कुणाला बोल लावायचीही सोय नव्हती. पुढं इथल्याच एका शाळेत ग्रंथपालाची नोकरी मिळाली, ती बावीस वर्षं केली, सुखानं केली. पुण्याचं पत्र मात्र कपाटात पैठणीच्या घडीत राहिलं.

त्यानंतर कधीतरी दूरदर्शनवर 'स्वामी' लागला. १९७७चा, बासू चटर्जींचा, शरदबाबूंच्या कथेवरचा. शबाना आझमीचं लग्न तिच्या मनाविरुद्ध होतं आणि नवरा म्हणून पदरी पडतो घनश्याम, म्हणजे कर्नाड. धान्याचा व्यापार करणारा, सावत्र आईच्या घरात सगळ्यांसाठी खपणारा, शेवटी ताटात उरेल ते खाणारा. बायको त्याच्याशी धड बोलत नाही, तर तो जमिनीवर अंथरूण घालून झोपतो. शेवटी ती घर सोडून पूर्वीच्या मित्राबरोबर निघते. स्टेशनवर घनश्याम येतो. ना जाब, ना उपदेश. घरी चल म्हणतो, एवढंच.

अव्वांनी पदर डोळ्यांना लावला. मीही लावला. हे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "हां, यात बरं केलंय." हे हसले. खरं तर तेव्हाच मला एक गोष्ट दिसायला हवी होती. 'उंबरठा'तला सुभाष आणि 'स्वामी'तला घनश्याम यांचा आवाज एकच आहे. तोच मऊपणा, तेच डोळे खाली घालून बोलणं, तीच मध्ये थांबायची सवय. एकाचा मऊपणा बायकोला घरी आणतो. दुसऱ्याचा मऊपणा तिला घराबाहेर ठेवतो. नटानं आवाज बदलला नाही, मिशी लावली नाही, पाय ओढत चालला नाही. बदललं ते आतलं. पण हे कळायला माझी आणखी बरीच वर्षं जायची होती.

यांचा लाडका सिनेमा वेगळाच होता, 'सूर संगम'. १९८५चा. के. विश्वनाथांनी आपल्याच 'शंकराभरणम्'वरून हिंदीत केलेला. कर्नाड त्यात पंडित शिवशंकर शास्त्री, जुन्या वळणाचे गवई. त्यांच्यासाठी गायले आहेत राजन-साजन मिश्र. सिनेमा फारसा चालला नाही, आज कुणाला आठवतही नसेल. पण हुबळी-धारवाडच्या माणसापुढं गवयाचं सोंग आणणं म्हणजे काशीत जाऊन गंगा विकणं! मल्लिकार्जुन मन्सूर इथले, बसवराज राजगुरू इथले, गंगूबाई हनगल हुबळीच्या, भीमसेन जवळच्या गदगचे. गाणाऱ्याचा गळा कुठं ताणतो, सम आल्यावर मान कशी हलते, हे आमच्याकडे पेढेवाल्यालाही कळतं. हे म्हणायचे, "गाताना सगळेच नट हात हलवतात. तू गाणं संपल्यानंतरचा चेहरा बघ." मन्सूरअण्णांच्या मैफलींना हे गेलेले. मैफल संपल्यावर गवई काही क्षण आपल्यातच नसतो, लोक टाळ्या वाजवतात ते त्याला उशिरा ऐकू येतं, असं यांचं म्हणणं. कर्नाडांच्या चेहऱ्यावर यांना ते दिसायचं. एका कुलीन, करारी, थोड्या हट्टी माणसाची कला काळाबरोबर मागं पडत जाते, श्रोते कमी होतात, आणि त्याची मान मात्र खाली जात नाही. मी म्हणायची, मान ताठ ठेवणं हा काय अभिनय झाला? हे म्हणायचे, "ठेवून बघ."

त्याच सुमाराचं दुसरं असंच काम म्हणजे १९८३चा 'आनंद भैरवी', तेलुगू आणि कन्नड अशा दोन भाषांत केलेला. कुचिपुडी ही परंपरेनं पुरुषांनी नाचायची कला. त्यात मुलीला शिष्या करून घेणारा गुरू कर्नाडांनी केला. दूरदर्शनवर मुलाबरोबर बघितलेलं 'मालगुडी डेज' तर तुमच्याही घरात सगळ्यांनी बघितलं असेल. शंकर नाग यांनी आगुंब्याला केलेली ती मालिका. स्वामीचे वकील वडील कर्नाड. आमच्या चिरंजीवांना ते पडद्यावर आले की अभ्यासाची आठवण व्हायची. वडिलांनी हात उगारायचा नाही, फक्त वर्तमानपत्र थोडं खाली करून बघायचं, की पोराच्या पोटात गोळा. तो धाक आणि त्याच्या मागची माया, दोन्ही एकाच नजरेत.

आता अव्वांच्या सिनेमाकडे येते. 'संत शिशुनाळ शरीफा', टी. एस. नागाभरण यांचा, १९९०चा. शिशुनाळ शिग्गावी तालुक्यातलं. आता हावेरी जिल्ह्यात गेलं, तेव्हा ते आपल्याच धारवाड जिल्ह्यात होतं. शरीफसाहेबांची पदं इथं म्हातारी माणसं जात्यावरच्या ओव्यांसारखी म्हणतात. त्यांचे गुरू गोविंदभट्ट कळसचे, कुंदगोळ तालुक्यातले. मुसलमान शिष्याला जवळ करणारा, त्याला जानवं घालणारा ब्राह्मण. शरीफ केले होते श्रीधर यांनी आणि गोविंदभट्ट कर्नाडांनी. संगीत सी. अश्वथ यांचं. राष्ट्रीय एकात्मतेसाठीचा राष्ट्रीय पुरस्कारही त्या सिनेमाला मिळाला.

अव्वा सोवळं पाळणाऱ्या. आमच्याकडे रविवारी भांडी घासायला येणाऱ्या मुलीनं हौदाला हात लावला तर त्या पाणी उपसून टाकायच्या. मला ते लागायचं, पण बोलायची हिंमत नव्हती. त्या अव्वांना हे रिक्षानं सिनेमाला घेऊन गेले. मला धाकधूक, जानव्याच्या प्रसंगाला त्या उठून येणार की काय? त्या उठल्या नाहीत. पडद्यावरचे गोविंदभट्ट क्रांती करायला निघाल्यासारखे दिसत नाहीत. भाषण करत नाहीत, गावाला आव्हान देत नाहीत. जणू काही घरचंच एखादं राहून गेलेलं काम उरकावं, इतक्या सहज ते शिष्याला आपला म्हणतात. दुसरा नट असता तर तिथं डोळे मोठे केले असते. कर्नाडांनी ते केलं नाही, म्हणूनच अव्वांना बचावाला जागा उरली नाही. वाद घालणाऱ्याशी वाद घालता येतो. मायेनं वागणाऱ्याशी कसा घालणार?

घरी आल्यावर त्या बराच वेळ तुळशीकट्ट्यावर बसून होत्या. मग एवढंच म्हणाल्या, "गुरू अंद्र हंग इरबेकु." गुरू असावा तर असा. एका सिनेमानं सोवळं सुटलं असं मी सांगणार नाही, ते खोटं होईल. पण त्यानंतर हौदाचं पाणी उपसलेलं मला आठवत नाही. त्या मुलीच्या लग्नात अव्वांनी तिला आपल्या हातानं इरकल नेसवली.

इथवर सारे चांगले पुरुष झाले. या सभ्य माणसाची दुसरी बाजू मी पाहिली ती बरीच उशिरा, २००५-०६ साली, नागेश कुकुनूरच्या दोन सिनेमांत. 'इक्बाल'मध्ये कर्नाड क्रिकेटचे गुरुजी आहेत. मुक्या-बहिऱ्या, गरीब मुलाची गुणवत्ता ते ओळखतात आणि श्रीमंताच्या मुलासाठी त्याला अकादमीतून काढून टाकतात. वर पुढं त्यालाच वाईट खेळण्यासाठी पैसे देऊ करतात. 'डोर'मध्ये राजस्थानातल्या हवेलीचा कर्ता पुरुष. मुलगा परदेशी गेला आणि तिकडेच वारला; विधवा सून घरात. हवेलीवरच्या कर्जाच्या बदल्यात सावकार सून मागतो आणि हा सासरा कबूल होतो. आयेशा टाकिया आणि गुल पनाग यांच्या कामाचं तेव्हा कौतुक झालं, ते योग्यच होतं. पण त्या सासऱ्याबद्दल कुणी बोललं नाही. मला तर रात्रभर झोप आली नाही. कारण तो आवाज चढवत नाही! तोच मऊ, सुसंस्कृत, घराण्याची काळजी वाहणारा आवाज, ज्यानं शबानाला 'घरी चल' म्हटलं, तोच आवाज आता सुनेचा सौदा मान्य करतो. आणि त्याला स्वतःला आपण दुष्ट आहोत असं एकदाही वाटत नाही. घर वाचवतोय, असंच त्याला वाटतं.

यांना मी म्हटलं, "हा माणूस भीतीदायक आहे हो." हे म्हणाले, "तीस वर्षं लागली तुला." मग म्हणाले, "'निशांत' आठव." १९७५चा, श्याम बेनेगलांचा. तेलंगणातल्या खेड्यातला शाळामास्तर, ज्याच्या बायकोला जमीनदाराचे भाऊ उचलून नेतात. तो पोलिसांकडे जातो, कलेक्टरकडे जातो, सगळीकडे नम्रपणे उभा राहतो, आणि कुणी काही करत नाही. देवळात बायको भेटते तेव्हा ती त्यालाच सुनावते. पुढं गाव पेटतं. 'मंथन'मध्ये त्याच बेनेगलांनी त्याच माणसाला दूध सोसायटी काढायला पाठवलं. तिथं तो सभ्यपणा गावाच्या कामी आला, निदान थोडा तरी. 'संस्कार'मधल्या प्राणेशाचार्यापासून, म्हणजे १९७० पासून, कर्नाड हे एकच काम करत आले, असं यांचं मत होतं. शिकलेला, सभ्य माणूस अडचणीत आला की काय करतो? कधी क्षमा करतो, कधी पळतो, कधी पेटवतो, कधी विकतो. सिनेमात काम करायचं ते पोटासाठी, जीव नाटक लिहिण्यात, हे कर्नाडांनी कधी लपवलं नाही. पण पोटासाठी केलेल्या कामातही हा एक धागा त्यांनी सोडला नाही.

अव्वा २००१ साली गेल्या. हे २०१६ साली गेले. १० जून २०१९ला सकाळी कर्नाड गेल्याची बातमी आली. शेवटची काही वर्षं ते नाकाला प्राणवायूची नळी लावून सभा-समारंभांना जात, तेव्हाचे त्यांचे फोटो मी बघितले होते. त्यांच्या इच्छेप्रमाणे सरकारी मानवंदना नाही, विधी नाहीत, असं सगळं शांतपणे उरकलं. त्यांच्या आवाजासारखंच. मी यांच्या फोटोकडे बघून म्हटलं, "तुमचा माणूस गेला."

खरी गोष्ट मात्र पुढं घडली. २०२३चा एप्रिल महिना. माझी सून मूळची गदगची, कन्नड घरातली, कंपनीत नोकरी करणारी. तिला पुण्याला दोन वर्षांसाठी मोठी जागा देऊ केली होती. नात दुसरीत. एका रात्री जेवताना तिनं विषय काढला. माझा मुलगा शांतपणे ऐकत होता. मग पाण्याचा घोट घेऊन म्हणाला, "तू ठरव. मी नाही म्हणणार नाही. पोरगी लहान आहे, आईचं वय झालंय, तुला माहीत आहेच."

माझ्या हातातला घास हातातच राहिला. शब्द तेच. आवाजही तोच. चाळीस वर्षांपूर्वी कपाटात ठेवलेलं पत्र कुणी उघडून वाचावं तसं झालं.

मी काही बोलले नाही. म्हणजे अव्वांनी जे केलं तेच केलं. रात्री अंथरुणावर पडल्यावर हे लक्षात आलं आणि मग झोप लागेना.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी सुनेला म्हटलं, "तुझ्या मोबाइलवर 'उंबरठा' मिळतो का बघ." तिनं शोधून टीव्हीवर लावला. तिला मराठी बऱ्यापैकी कळतं, अडेल तिथं मी कन्नडमध्ये सांगत होते. मुलगा बाहेरच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसला होता. थोड्या वेळानं तोही दारात येऊन उभा राहिला.

या वेळी मी स्मिताकडे बघितलंच नाही. मी फक्त कर्नाडांकडे बघितलं. आणि वाचकहो, काय काय दिसलं म्हणून सांगू! हा नवरा नाराज आहे, पण दार अडवून उभा राहत नाही. बायकोवर त्याचं प्रेम आहे, ते खोटं नाही. फक्त त्याची अशी समजूत आहे की घर जसं आहे तसं राहील आणि त्यात राहून तिनं काय हवं ते करावं. ही समजूत तो कुठंही बोलून दाखवत नाही. ती त्याच्या बसण्यात आहे, ऐकता ऐकता नजर दुसरीकडे जाण्यात आहे. त्यानं जरा आवाज चढवला असता तर सुलभेला भांडता आलं असतं. भांडून कदाचित दोघांना एकमेकांचं काही कळलं असतं. पण तो भांडतच नाही. आणि शेवटी दुसऱ्या बाईचं सांगताना प्रामाणिकपणाचंही पुण्य आपल्याच पदरात घेतो.

कर्नाडांनी हा माणूस खलनायक केला नाही, बिचाराही केला नाही. तो आपल्या घरातला केला. म्हणून तर १९८२ साली मला तो दिसला नाही. आपल्या घरातला माणूस आपल्याला कुठं दिसतो?

सिनेमा संपला. सून डोळे पुसत म्हणाली, "अत्ती, अंव केट्टव अल्ल." तो वाईट नाही. मी म्हटलं, "नाहीच. तुझा सासराही नव्हता." मग मी उठले, कपाटातलं ते पत्र काढलं आणि दोघांच्या समोर ठेवलं. कागद पिवळा पडला होता, घडीवर फाटला होता. मुलानं ते वाचलं. तारीख बघितली. त्या वर्षी तो तीन वर्षांचा होता, हे त्यानं मनात मोजलं असणार. "अप्पा नको म्हणाले?" त्यानं विचारलं.

"नाही. काल तू जे म्हणालास, तेच म्हणाले."

तो काही बोलला नाही. खूप वेळ बोलला नाही. यांच्यावर मी चिखल उडवला असं त्याला वाटू नये, म्हणून मी सांगितलं की तुझे वडील फार चांगले होते आणि मी सुखात राहिले, यात खोटं काही नाही. पण 'तू ठरव' म्हणणं आणि 'तू जा, मागचं मी बघतो' म्हणणं, यांत फरक आहे. पहिल्यात सगळं ओझं जाणारीच्या डोक्यावर राहतं.

असं म्हटलं म्हणून लगेच सगळं सरळ झालं नाही. चार दिवस घरात धुसफुस होती. मुलगा म्हणाला, मला दोष देताय. सून म्हणाली, जाऊ दे, नकोच. या वेळी आवाज चढले, दारं आपटली, नात रडली. मला मनातून बरं वाटलं. भांडण झालं की निदान कळतं कुठं दुखतंय ते. पाचव्या दिवशी मुलानं स्वतःच नातीच्या शाळेच्या रिक्षावाल्याचा नंबर आपल्या फोनमध्ये घेतला आणि मला विचारलं, "सकाळचा डबा मी केला तर ती खाईल का?" मी म्हटलं, "आधी उप्पीट शीक."

जूनमध्ये सून निघाली. हुबळीच्या स्टेशनवर त्याच वर्षी जगातला सगळ्यात लांब प्लॅटफॉर्म झाला, दीड किलोमीटरचा. माझ्या गुडघ्यांना तो चालून संपेना. डब्याशी पोचले तेव्हा गाडी सुटायला पाचच मिनिटं होती. ती पाया पडायला वाकली. मला अव्वांची आठवण झाली. भाकरी थापायचा थांबलेला तो आवाज आठवला. त्या क्षणी त्यांना काही म्हणायचं असेल का? असेलही. त्यांना कुणी कधी विचारलं होतं?

मी कन्नडमध्ये म्हटलं, "होगि बा." जाऊन ये. आपल्या दोन्ही भाषांत निघणाऱ्याला नुसतं 'जा' म्हणत नाहीत, हे किती चांगलं आहे!

दर पंधरा दिवसांनी सुट्टीला ती यायची. डबा बहुतेक दिवस बरा व्हायचा. कधी मीठ जास्त पडायचं, तर नात डबा तसाच परत आणायची. दोन वर्षं संपली, सून परत आली. आता मुलगा उप्पीट माझ्यापेक्षा चांगलं करतो, हे तिचं मत. मला ते मान्य नाही.

आणि यांच्या फोटोपुढं रोज दिवा लावताना मी कधी कधी म्हणते, "तुमचं खरं होतं. तो माणूस अभिनय करत होता. मलाच बघता येत नव्हतं." हे फोटोत नुसते हसतात. आवाज चढवत नाहीत.